पोर्टांची पहाणी : कॉम१ आणि एलपीटी१ यांची नोंद यंत्रानं कशी घेतली



आपल्या या पानावर काचीगुड्याचे वाडे, विवेकवर्धिनीतले मास्तर, सुलतान बाजारातली दुकानं, बडी चावडीतले गणपती यांच्या आठवणी भरपूर येतात. वाचून बरं वाटतं. पण आपल्यातली काही माणसं पाना-पेचकस घेऊन पोट भरत होती, त्यांच्या धंद्याचं कुणी लिहीत नाही. मी सिकंदराबादला चिनॉय ट्रेड सेंटरच्या आसपास पंचवीस वर्षं कॉम्प्युटर दुरुस्तीचं काम केलं. त्यातली निम्मी वर्षं एकाच तक्रारीत गेली असतील. गिऱ्हाईक यायचं आणि म्हणायचं, "भाई, कल तक चलता था, आज पोर्ट दिखताच नै."

पोर्ट डोळ्यांना दिसत असे. यंत्राच्या पाठीमागं, धुळीनं भरलेला, पण जागच्या जागी. दिसत नव्हता तो यंत्राला. डोळ्यांना दिसणं वेगळं आणि यंत्राच्या वहीत नोंद असणं वेगळं. या वहीचा एक इतिहास आहे, आणि तो मराठीत कुणी सांगितलेला माझ्या वाचनात नाही. म्हणून आज जरा लांब लिहितोय. चहा घेऊन बसा.

महाराष्ट्रात जमिनीचा सातबारा म्हणतात, आमच्याकडे तेलंगणात पहाणी म्हणतात. पटवारी शेतावर जाऊन बघायचा, कोण कसतंय, काय पेरलंय, आणि वहीत लिहायचा. शेत तुमचं असलं तरी पहाणीत नाव नसेल तर कचेरीत तुम्हाला कोण विचारतो? कॉम्प्युटरमध्येही नेमकं हेच चालतं.

आधी तोंडं, मग नावं

दोन पोर्टांची ओळख करून देतो. एक सीरियल. छोटा, नऊ पिनांचा, पिना बाहेर आलेल्या. यातून माहिती एकामागून एक, एका रांगेत जाते. याचं आरएस-२३२ हे मानक अमेरिकेत १९६० साली आलं, टेलिप्रिंटर आणि मोडेम जोडण्यासाठी. दुसरा पॅरलल. लांबट, पंचवीस भोकांचा. यातून आठ तारांवर आठ बिट एकदम जातात. हा सेंट्रॉनिक्स कंपनीच्या १९७० सालच्या प्रिंटरपासून रूढ झाला, म्हणून आपले जुने लोक त्या केबलला अजून सेंट्रॉनिक्स केबलच म्हणतात.

म्हणजे ही दोन्ही तोंडं पर्सनल कॉम्प्युटरच्या आधीची. आपल्या हैदराबादेत ईसीआयएल १९६७ला सुरू झाली आणि १९६९ला तिनं टीडीसी-१२ हे यंत्र बनवलं. त्या पिढीच्या मिनीकॉम्प्युटरांना पोर्ट शोधण्याची गरजच नसे. यंत्र बसवताना जाणकार माणूस ऑपरेटिंग सिस्टीमला सांगून ठेवायचा की अमुक पत्त्यावर टर्मिनल आहे, तमुक पत्त्यावर प्रिंटर. यंत्र एकदा बसलं की वर्षानुवर्षं तसंच राही. वही माणूस लिहीत होता.

१९८१ : यंत्र स्वतः फेरी मारू लागलं

१२ ऑगस्ट १९८१ रोजी आयबीएमनं पीसी जाहीर केला आणि गणित बदललं. हे यंत्र कुणीही विकत घेणार, कुणीही उघडून त्यात कार्ड बसवणार. प्रत्येक घरी जाणकार कुठून आणायचा? म्हणून यंत्रानं स्वतःच बघायचं असं ठरलं. बटण दाबलं की बायोस नावाचा चिपमधला छोटा प्रोग्राम जागा होई आणि सगळ्या ठरलेल्या पत्त्यांवर फेरी मारून येई.

हे पत्ते हेक्साडेसिमल म्हणजे सोळाच्या पाढ्यात लिहितात. सीरियलसाठी दोन पत्ते ठरले होते, ३एफ८ आणि २एफ८. पॅरललसाठी तीन, ३बीसी, ३७८ आणि २७८. माझ्या पिढीतल्या मेकॅनिकला हे आकडे रामरक्षेसारखे पाठ होते.

आता फेरी कशी मारायची? पॅरलल पोर्टाची युक्ती फार साधी होती. बायोस त्या पत्त्यावर एए हा आकडा लिहायचा. एए म्हणजे बिटांमध्ये १०१०१०१०. मग तोच पत्ता परत वाचायचा. लिहिलेलं जसंच्या तसं परत मिळालं, तर तिथं कुणीतरी आहे. नाही मिळालं, तर जागा रिकामी. दारावर टकटक करून "कोण आहे?" विचारायचं, आणि आपलाच शब्द आतून परत आला तर घर वस्तीचं समजायचं.

सीरियलची युक्ती वेगळी. तिथं ८२५० नावाची चिप असे. तिच्यातल्या एका रजिस्टरचे वरचे पाच बिट नेहमी शून्यच असतात. बायोस ते रजिस्टर वाची. पाचही शून्य मिळाले तर चिप आहे. रिकाम्या पत्त्यावरून साधारणपणे सगळे एकच एक वाचले जातात, त्यामुळे फरक लगेच कळे.

जे सापडलं त्याचा पत्ता मेमरीच्या अगदी सुरुवातीच्या भागात एका तक्त्यात लिहिला जाई. चार रकाने सीरियलचे, त्यानंतर रकाने पॅरललचे. हीच ती पहाणीची वही. वीज गेली की वही पुसली जाई, दुसऱ्या दिवशी सकाळी नवी पहाणी.

नाव पत्त्याचं नव्हे, रांगेतल्या जागेचं

इथं एक मेख आहे, आणि तिनं देशभरातल्या मेकॅनिकांना पोसलं. बायोस पोर्टांना ठरावीक क्रमानं शोधी आणि जो पहिला सापडे त्याला पहिला रकाना देई. एलपीटी१ म्हणजे ३७८ असं कुठंच लिहिलेलं नव्हतं. एलपीटी१ म्हणजे "पहिला सापडलेला".

आयबीएमच्या काळ्या-पांढऱ्या म्हणजे मोनोक्रोम डिस्प्ले कार्डावरच एक प्रिंटर पोर्ट असे, ३बीसी पत्त्याचा. शोधायच्या क्रमात तो पहिला. म्हणजे मोनो कार्ड असेल तर तो एलपीटी१ आणि ३७८वाला एलपीटी२. मोनो कार्ड काढलं की ३७८वाला एक पायरी वर सरकून एलपीटी१.

आता आपल्याकडचं सांगतो. नव्वदच्या सुमारास बहुतेक दुकानांत मोनो मॉनिटरच होते, हिरवे नाहीतर पिवळसर अक्षरांचे. बेगम बाजारातल्या एका किराणा व्यापाऱ्यानं फॉक्सप्रोमध्ये बिलाचा प्रोग्राम करून घेतला होता. प्रिंटर दुसऱ्या कार्डाला, म्हणून प्रोग्राममध्ये एलपीटी२ लिहिलेलं. शेटजींनी हौसेनं रंगीत मॉनिटर घेतला, त्याबरोबर नवं कार्ड आलं, आणि बिलं निघायची थांबली. प्रिंटर तोच, केबल तीच, जोडलेली जागाही तीच. फक्त नाव बदललं होतं. शेटजी म्हणाले, "टीव्ही बदला तो छपाई कैसे बंद हुई?" मी त्यांना सांगितलं, रांगेतला पुढचा माणूस उठून गेला की मागच्याचा नंबर लागतो, तसं झालंय. प्रोग्राममधला दोनाचा एक केला, काम चालू.

सीरियललाही असाच घोळ होता. यंत्रात फक्त २एफ८वाला पोर्ट असेल तर बायोसच्या वहीत तो पहिला. पण बरेच प्रोग्राम वही बघतच नसत. त्यांच्या डोक्यात २एफ८ म्हणजे कॉम२ हे पक्कं. मग एकच पोर्ट एका प्रोग्रामला कॉम१ आणि दुसऱ्याला कॉम२.

पुढं लिनक्स आलं तेव्हा त्यांनी उलटी रीत धरली. तिथं नंबर घराचा, माणसाचा नाही. टीटीवायएस० म्हणजे ३एफ८, टीटीवायएस१ म्हणजे २एफ८. दुसऱ्या घरात कुणी नसलं तरी तिसऱ्याचा नंबर तिसराच राहतो. मला स्वतःला ही रीत जास्त बरी वाटते. शेजारी गेला म्हणून माझं नाव का बदलावं?

राखीव नावं आणि ती ईमेल

डॉसमध्ये कॉम१, एलपीटी१, पीआरएन, ऑक्स, कॉन ही नावं उपकरणांसाठी राखीव होती. प्रिंटरला फाइल पाठवायची तर कॉपी म्हणायचं, फाइलचं नाव आणि पुढं पीआरएन. झालं, छापून आलं. कॉन म्हणजे कन्सोल, म्हणजे कीबोर्ड आणि पडदा. ही पद्धत सीपी/एम या त्याहून जुन्या सिस्टीमपासून आलेली.

आठवतं का, मध्यंतरी सगळ्यांना एक ईमेल फिरत होती? "एका भारतीयानं शोध लावला की कॉन नावाचं फोल्डर बनवता येत नाही, बिल गेट्सलाही कारण माहीत नाही!" कितीतरी नातेवाइकांनी ती मला पाठवली. गूढ काहीच नव्हतं त्यात. एक्सपी किंवा सेव्हनच्या यंत्रावर कॉम१ किंवा एलपीटी१ नावाचं फोल्डर करून बघा, तेही होणार नाही. जुन्या पोर्टांच्या नावाची ती राखीव जागा. पोर्ट निघून गेले, आरक्षण राहिलं.

कॉम३ आणि अडखळणारा माऊस

दोन सीरियल पोर्ट पुरेनात. एकाला माऊस, दुसऱ्याला प्लॉटर, मग मोडेम कुठं? १९८७च्या डॉस ३.३मध्ये कॉम३ आणि कॉम४ ही नावं आली. पत्ते मिळाले ३ई८ आणि २ई८. पण पत्ता मिळाला तरी घंटा मिळाली नाही. घंटा म्हणजे आयआरक्यू. पोर्टाला माहिती आली की तो प्रोसेसरला घंटा वाजवून बोलावतो. कॉम१ची घंटा चौथी, कॉम२ची तिसरी. कॉम३ला परत चौथीच दिली आणि कॉम४ला परत तिसरी. आणि त्या काळच्या आयएसए कार्डांना एक घंटा दोघांत नीट वाटून घेता येत नसे.

मग व्हायचं काय? कॉम१वर माऊस, कॉम३वर मोडेम. इंटरनेट नवीन होतं, लोक हौसेनं फोन लावायचे, मोडेम किंचाळायला लागलं की माऊस जागच्या जागी थिजायचा. लोकांना वाटायचं व्हायरस आला. आम्ही मोडेम कार्डावरचा जंपर हलवून घंटा पाचवी करायचो आणि विंडोज ३.१च्या सिस्टीम डॉट आयएनआय फाइलमध्ये कॉम३ची नवी घंटा लिहून द्यायचो. पुन्हा वही माणूसच लिहीत होता!

कॉम४चं तर दुखणंच वेगळं. स्वस्त कार्डं पत्त्याचे फक्त शेवटचे दहा बिट बघत. काही रंगीत डिस्प्ले कार्डांचे मोठे पत्ते असे होते की शेवटचे दहा बिट बघितले तर २ई८च निघे. म्हणजे घर नंबर पूर्ण न वाचता टपाल टाकणारा पोस्टमन. पडद्याचं पत्र मोडेमच्या घरी.

१९९५ : आपापली नावं सांगा

विंडोज ९५ हे २४ ऑगस्ट १९९५ला आलं. त्यात पहिल्यांदा "पोर्ट्स, कॉम आणि एलपीटी" अशी यादी पडद्यावर दिसायला लागली आणि पोर्टापुढं पिवळं उद्गारचिन्ह आलं की लोक घाबरायला लागले.

जुनी कार्डं शोधायला विंडोज ९५ही टकटकच करी, पण आता शेकडो प्रकारची कार्डं होती. चुकीच्या दारावर टकटक केली तर घरातला दचकून पडायचा. एनई२००० जातीचं नेटवर्क कार्ड ३६० पत्त्यावर ठेवलं तर ते ३२ पत्ते व्यापतं, म्हणजे ३७एफपर्यंत. त्याच्या पोटातच ३७८ येतो, प्रिंटर पोर्टाचा. प्रिंटर शोधायला गेलं की नेटवर्क कार्डाला धक्का. यंत्र जागच्या जागी लटके.

मायक्रोसॉफ्टच्या लोकांना हे ठाऊक होतं. म्हणून शोधाशोध करताना प्रत्येक पावलाआधी ते एका फाइलमध्ये लिहून ठेवत की आता मी अमुक दार ठोठावतोय. यंत्र लटकलं तर तुम्ही वीज बंद करून परत चालू करायची. परत उठल्यावर ते फाइल बघे आणि ज्या दारानं जीव घेतला होता ते सोडून पुढं जाई. मला ही गोष्ट नेहमी शहाणपणाची वाटली. विहिरीत उतरण्याआधी काठावर चप्पल काढून ठेवावी, म्हणजे मागून येणाऱ्याला कळतं.

टकटकीवरचा खरा उपाय म्हणजे प्लग अँड प्ले. आयएसए कार्डांसाठी त्याचे नियम १९९३ला इंटेल आणि मायक्रोसॉफ्टनं केले. प्रत्येक कार्डाच्या पोटात ७२ बिटांची ओळख. यंत्र सगळ्यांना एकदम विचारतं, तुमचा पहिला बिट काय? ज्यांचा एक असेल ते बोलतात, ज्यांचा शून्य असेल ते ऐकतात आणि कुणी बोललं तर या फेरीपुरते मागं सरतात. असं एकेक बिट करत शेवटी एकच कार्ड उरतं. त्याला नंबर द्यायचा, बाजूला बसवायचं, परत पहिल्यापासून. आणि गंमत म्हणजे हा सगळा संवाद सुरू करायला त्यांनी पत्ता वापरला २७९. तो दुसऱ्या प्रिंटर पोर्टाच्या स्थितीचा पत्ता, जिथून फक्त वाचता येतं. तिथं काही लिहिलं तरी प्रिंटरला ढिम्म फरक पडत नाही. म्हणून ती जागा बिनधोक.

एनटी, रजिस्ट्री आणि आपोआप विझणारा यूपीएस

इकडं ऑफिसांत विंडोज एनटी आलं होतं, पहिलं १९९३ला. त्यात एनटीडिटेक्ट नावाचा प्रोग्राम सुरुवातीलाच फेरी मारून येई आणि मिळालेली माहिती रजिस्ट्रीच्या "हार्डवेअर" शाखेत ठेवी. ही शाखा डिस्कवर जपली जात नाही. दर वेळी यंत्र सुरू झालं की नव्यानं लिहिली जाते. तीच रोजची पहाणी. तिच्यात सीरियलकॉम नावाचा एक रकाना असतो. डावीकडं ड्रायव्हरनं दिलेलं आतलं नाव, उजवीकडं लोकांना माहीत असलेलं, म्हणजे कॉम१. शाळेच्या दाखल्यावरचं नाव आणि घरी हाक मारायचं नाव, तसं. आजच्या विंडोजमध्येही हा रकाना आहे, रजिस्ट्री उघडून बघू शकता.

एनटीच्या या फेरीनं एकदा मजा केली. एका ऑफिसात सर्व्हर चालू केला की यूपीएसच बंद पडे. वीज असताना! तीन जण बघून गेले, यूपीएस बदलून झाला. कारण काय, तर एनटीडिटेक्ट प्रत्येक सीरियल पोर्टावर माऊस आहे का बघायला संकेत पाठवत होता. त्या पोर्टाला माऊस नव्हता, यूपीएसची केबल होती. आणि यूपीएसला तो संकेत वाटे "बंद हो" असा. इमानदार नोकर, हुकूम मानून विझून जाई. बूट डॉट आयएनआय फाइलमध्ये "नोसीरियलमाइस" एवढा शब्द टाकला की प्रश्न संपला. म्हणजे त्या घरी टकटक करू नका, एवढंच सांगायचं.

एनटीनं आणखी एक गोष्ट बदलली. डॉसमध्ये कुठलाही प्रोग्राम थेट ३७८वर हात घालू शके. एनटीनं ते बंद केलं. जायचं तर ड्रायव्हरमार्फत. यंत्रं कमी कोसळायला लागली हे खरं, पण आपल्याकडचे कितीतरी जुने प्रोग्राम त्या दिवशी परके झाले.

फेरी बंद, जाहीरनामा सुरू

डिसेंबर १९९६मध्ये इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी एसीपीआय नावाचा नवा नियम आणला, आणि विंडोज २०००पासून तो सगळीकडं रुळला. आता मदरबोर्ड बनवणाराच एक तक्ता आत लिहून ठेवतो. त्यात पीएनपी०५०१ असं लिहिलेलं असलं की सीरियल पोर्ट, पीएनपी०४०० असलं की प्रिंटर पोर्ट, सोबत पत्ता आणि घंटा. ऑपरेटिंग सिस्टीम तक्ता वाचते आणि ड्रायव्हरला जागं करते. पटवारी शेतावर जात नाही, मालकानं दिलेलं प्रतिज्ञापत्र वाचतो.

यात सोय मोठी. पण तक्त्यात नाही तर यंत्राच्या लेखी पोर्ट नाही. बायोसच्या सेटअपमध्ये कुणी "डिसेबल्ड" केलं असेल तर मागं धातूचं तोंड चकचकीत असूनही विंडोजला ते दिसणार नाही. निम्म्या वेळा माझी दुरुस्ती म्हणजे सेटअपमध्ये जाऊन ते "एनेबल्ड" करणं एवढीच असे. लिनक्स मात्र अजून थोडं जुन्या वळणाचं आहे. तक्ता वाचतं, पण चिपला स्वतः टोचूनही बघतं, आणि सुरुवातीच्या अहवालात लिहितं की ३एफ८वर, घंटा चार, चिप १६५५०ए.

मग यूएसबी आला आणि पोर्ट पाहुणे झाले. नव्या लॅपटॉपला सीरियल नाही म्हणून लोक यूएसबीची केबल घेऊ लागले. विंडोज आलेल्या प्रत्येक पाहुण्याचं नाव एका वहीत राखून ठेवतं. २५६ नावांची जागा असते तिच्यात. पाहुणा गेला तरी नाव खोडत नाही. केबलला स्वतःचा अनुक्रमांक नसेल आणि तुम्ही ती दुसऱ्या सॉकेटात घातली, तर नवा पाहुणा समजून नवं नाव. असं करत एका वजनकाट्यावरचा कॉम्प्युटर कॉम१७पर्यंत पोचलेला मी पाहिलाय. काट्याच्या प्रोग्रामला कॉम१ ते कॉम४च माहीत! डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन न दिसणारी जुनी उपकरणं दाखवायला लावली, पुसली, आणि केबलला कॉम२ दिलं. अर्धा तास.

याचं आपल्याशी काय नातं?

आता मुद्द्याची गोष्ट.

नव्वदच्या दशकात देवनागरीत छपाईचं काम कॉम्प्युटरवर आलं. लग्नपत्रिका, मंडळांचे अंक, स्मरणिका, वधू-वर सूची. ती सॉफ्टवेअर महाग असत, म्हणून त्यांच्यासोबत एक कुलूप मिळे. प्रिंटर पोर्टात खोचायचं, बोटाएवढं. सॉफ्टवेअर सुरू होताना पोर्टाच्या तारांवर प्रश्न पाठवी, कुलूप उत्तर देई. उत्तर नाही तर काम नाही. आणि ते फॉन्ट युनिकोड नव्हते. त्या सॉफ्टवेअरशिवाय फाइल उघडली तर पडद्यावर नुसता कचरा.

आपल्याकडच्या एका मंडळाच्या सात वर्षांच्या स्मरणिका अशाच एका यंत्रात होत्या. छापलेल्या प्रतींपैकी निम्म्यांना वाळवी लागलेली. २०१३ साली त्या यंत्राच्या मदरबोर्डवरचे कपॅसिटर फुगून तो मेला. नव्या बोर्डाला प्रिंटर पोर्टच नव्हता. कुणीतरी यूएसबीची प्रिंटर केबल आणली, पण ती फक्त छपाईची माहिती पुढं ढकलते, तिला ३७८ असा पत्ताच नसतो. कुलुपाला हाक पोचेना. मग पीसीआय कार्ड आणलं. त्याला एलपीटी३ नाव मिळालं, पत्ता भलताच. कुलूप शोधणारा ड्रायव्हर जुन्या तीन पत्त्यांवरच बघत होता. १९८१ची यादी, ३२ वर्षांनी! आत सात वर्षांचं लिखाण होतं. निजामाच्या काळात इथं नोकरीला आलेल्यांच्या आठवणी, १९५६ला मराठवाडा मुंबई राज्यात गेला तेव्हा घर अर्धं इकडं अर्धं तिकडं झालेल्यांच्या हकिकती. लिहिणारे बहुतेक सगळे वारलेले.

शेवटी चिनॉयच्या भंगारातून एक जुना बोर्ड मिळाला, मागं खरा पंचवीस भोकांचा पोर्ट असलेला. सेटअपमध्ये पत्ता ३७८ ठेवला, जुनी हार्ड डिस्क जोडली, विंडोज ९८ कुरकुरत उठलं, कुलपानं उत्तर दिलं. प्रत्येक फाइल उघडून पोस्टस्क्रिप्ट प्रिंटरला पाठवली, पण कागदावर नाही. प्रिंटरच्या पोर्टांच्या यादीत एलपीटी१, कॉम१ यांच्या खाली एक नाव असतं, "फाइल". त्याला मागं तोंड नाही, तार नाही. नुसती नोंद. तो निवडला की छपाई डिस्कवर उतरते. त्यातून पीडीएफ झाल्या. सात वर्षांपैकी सातही मिळाली. अशा किती पेट्या माळ्यांवर पडल्या असतील?

म्हणून हात जोडून विनंती. तुमच्या मंडळात, प्रेसमध्ये, शाळेत जुना कॉम्प्युटर भंगारात द्यायची वेळ आली तर

१. पाठीमागं बोटाएवढं कुलूप खोचलेलं असेल तर ते आधी काढून, चिठ्ठी लावून डबीत ठेवा. यंत्रापेक्षा ते मोलाचं.
२. हार्ड डिस्क कधीच देऊ नका.
३. यंत्र अजून चालत असेल तर "आहे सो आहे" म्हणून बसू नका. याच महिन्यात पीडीएफ करून घ्या.
४. पोर्ट दिसत नसेल तर घाबरून नवं यंत्र घेऊ नका. आधी सेटअप बघा, मग पत्ता बघा, मग केबल बघा. बहुतेक वेळा पोर्ट जिवंत असतो, नोंद हरवलेली असते.

इंदूर, बडोदा, बेळगाव, ग्वाल्हेरच्या मंडळींनो, तुमच्याकडं अशी कुलूपबंद यंत्रं आहेत का? असतील तर खाली लिहा. बोर्डाचा फोटो टाकलात तर कुठला पोर्ट, कुठला पत्ता, ते मी सांगीन. डोळे अधू झालेत, पण आकडे अजून पाठ आहेत.